हनली गेममध्ये बांधायची तर आधी गेमच्या सवलती बंद करा

स्टॉर्मवर्क्ससारख्या बांधकामाच्या गेममध्ये पाणबुडी करायला एक संध्याकाळ पुरते. ठोकळे जोडून लांबुळकं कवच करायचं, आत पाण्याच्या टाक्या, मागं पंखा, वर झाकण. ती बुडते, वर येते, पुढं जाते. म्हणूनच 'एच. एल. हनली', म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातली खरीखुरी पाणबुडी, बांधायला घेतलेल्याची फसगत होते. आकार हुबेहूब जमतो आणि बोट मस्त चालते. खरी हनली अशी चालत नव्हती. ऑगस्ट 1863 ते फेब्रुवारी 1864 एवढ्या काळात ती तीनदा बुडाली. तिच्यात बसलेली 21 माणसं मेली. शत्रूची मेली 5.

गेम आपल्याला न सांगता बऱ्याच गोष्टी फुकट देतो. कवच गळत नाही, टाकीतलं पाणी टाकीतच राहतं, माणसं दमत नाहीत, हवा संपत नाही आणि कॅमेरा बोटीच्या बाहेर असतो. हनलीवर यातली एकही सोय नव्हती. तिची प्रतिकृती करण्यातली खरी मजा ठोकळे रचण्यात नाहीच. या सवलती एकेक करून काढून घ्यायच्या आणि बोट कुठं अडते ते बघायचं. तेच इथं करू.

आधी थोडी ओळख. अमेरिकेतलं यादवी युद्ध, 1861 ते 1865. गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं एका बाजूला, उत्तरेचं संघराज्य दुसऱ्या बाजूला. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली होती. ती फोडायला दक्षिणेत काहीही करून बघायची तयारी होती. जेम्स मॅक्लिंटॉक आणि बॅक्स्टर वॉटसन हे दोन यंत्रकार आणि पैसा लावणारा होरेस लॉसन हनली या तिघांनी मिळून तीन पाणबुड्या केल्या. पहिली 'पायोनियर' न्यू ऑर्लिन्सला. शहर उत्तरेच्या हाती पडणार असं दिसल्यावर 1862 मध्ये त्यांनीच ती बुडवून टाकली. दुसरी 'अमेरिकन डायव्हर' 1863 च्या सुरुवातीला मोबीलच्या खाडीत बुडाली. या दुसरीवर विजेची आणि वाफेची मोटर बसवायचा प्रयत्न झाला होता. दोन्ही फसले आणि शेवटी हातानं फिरवायचा दांडाच आला. तिसरी म्हणजे आपली हनली. ती मोबीलमध्येच एका यंत्रशाळेत झाली आणि ऑगस्ट 1863 मध्ये आगगाडीवर लादून दक्षिणेच्या चार्ल्स्टन बंदरात आली. (हातानं फिरवायची लढाऊ पाणबुडी ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. 1776 मध्येच न्यू यॉर्कच्या बंदरात 'टर्टल' नावाच्या एकट्या माणसाच्या पाणबुडीनं ब्रिटिश जहाजाला सुरुंग लावायचा फसलेला प्रयत्न केला होता.)

आता मापं. लांबी साधारण 12 मीटर, उंची सव्वा मीटरच्या आसपास, रुंदी त्याहून किंचित कमी. स्टॉर्मवर्क्समध्ये एक ठोकळा 25 सेंटिमीटरचा, म्हणजे लांबी 48 ठोकळे, उंची 5, रुंदी 4 किंवा 5. इथंच पहिली अडचण येते. गेममध्ये भिंतीची जाडी किमान एक ठोकळा. खऱ्या बोटीचा पत्रा होता साधारण एक सेंटिमीटरचा. पाच ठोकळ्यांच्या रुंदीतून दोन्ही बाजूंच्या भिंती वजा केल्या की आत उरतात तीन ठोकळे, पाऊण मीटर. त्यात माणूस, दांडा आणि दांडा फिरवणारे हात मावत नाहीत. मग लोक बोट फुगवतात, सात ठोकळे रुंद, सात उंच. दिसायला फरक पडत नाही, पण आतली पोकळी भलतीच वाढते आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. माझं मत विचाराल तर बोट फुगवू नये, माणसं अर्धवट भिंतीत घुसलेली चालवून घ्यावीत. गैरसोय हाच या बोटीचा स्वभाव आहे.

आत सात माणसं डाव्या बाजूच्या बाकावर ओळीनं बसत. समोर लांबच्या लांब वेडावाकडा लोखंडी दांडा, प्रत्येकाच्या वाट्याला त्याची एक मूठ. आठवा माणूस सगळ्यात पुढं, तो कप्तान. दांड्याची ताकद साखळीतून मागच्या पंख्याला जाई आणि गती एकसारखी राहावी म्हणून मागं एक जड चक्र होतं. वर दोन छोटे बुरूज, एक पुढं आणि एक मागं. त्यांवरची झाकणं हाच आत-बाहेर करायचा रस्ता. झाकणाचं तोंड साधारण 42 बाय 53 सेंटिमीटर. जाडजूड कपडे घातलेल्या माणसाला त्यातून घाईनं बाहेर पडायचं असेल तर काय होईल, हे गेममध्ये एकदा बघून घ्या. आणि मधल्या माणसाला बाहेर पडायचं असेल, तर आधी शेजारच्यांनी हलायला हवं. दांड्यामुळं ओलांडून जायला जागाच नाही.

आता वजन. शाळेत शिकलेला आर्किमिडीजचा नियम इथं जसाच्या तसा लागतो. बोट जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाएवढं प्लावक बल तिला वर ढकलतं. बोटीचं वजन त्याहून कमी तर ती तरंगते, जास्त तर तळाशी जाते, आणि दोन्ही अगदी सारखी झाली तर पाण्यात जिथं सोडाल तिथं राहते. हनलीचं एकूण वजन होतं साधारण 6.8 टन. गेममध्ये ठोकळ्यांचं वजन खऱ्या लोखंडाच्या मानानं काहीही असतं, त्यामुळं नवख्याची पहिली तक्रार ठरलेली: 'बुडतच नाही.' त्यावर उपाय म्हणून मोठमोठ्या टाक्या बसवल्या जातात, दोन-तीन टन पाणी भरलं की बोट खाली जाते, उपसलं की वर येते. बटण दाबलं की पंप चालू.

खऱ्या हनलीत उलटं होतं. ती रिकाम्या टाक्यांवरही जेमतेम तरंगे. पाण्याबाहेर दोन बुरूज आणि पाठीची एक पट्टी, बस्स. तळाला बाहेरून जड लोखंडी ठोकळे बोल्टनं आवळलेले, म्हणजे बोट मुळातच बुडायच्या उंबरठ्यावर. दोन्ही टोकांना एकेक टाकी. कप्तानानं पुढची झडप उघडायची, मागच्या माणसानं मागची, थोडं पाणी घ्यायचं आणि झडप बंद करायची. वर यायचं तर हातपंप मारायचा. खोली कमी-जास्त करायचं रोजचं काम टाक्या करतच नसत. ते दोन्ही बाजूंना पंखासारख्या बसवलेल्या आडव्या पात्यांचं. पुढं जाताना पातं खाली कललं की नाक खाली, वर कललं की नाक वर. बोट थांबली की पाती निरुपयोगी. म्हणजे दांडा फिरवणारे थांबले की खोलीवरचा ताबाही गेला. गेममध्ये हे जाणवायला हवं असेल तर टाकीचे पंप इतके मंद करा की त्यांच्या भरवशावर राहताच येणार नाही.

पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि गेममध्ये सगळ्यात सहज निसटणारा: बोट आडवी कशी राहते?

पाण्यावर तरंगणारं जहाज एका टोकाला झुकलं की तिकडचा जास्त भाग पाण्यात जातो, तिथं प्लावक बल वाढतं आणि जहाज आपोआप सरळ होतं. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला ही सोय नाही. ती आधीच सगळी पाण्यात आहे, आणखी बुडायला काही उरलेलंच नाही. तिला सरळ ठेवणारी एकच गोष्ट असते: गुरुत्वमध्य हा प्लावक बलाच्या मध्यापेक्षा खाली असणं. हे अंतर जेवढं जास्त तेवढी बोट हट्टानं आडवी राहते. सव्वा मीटर उंचीच्या बोटीत हे अंतर असून असून किती असणार?

समजा 5 सेंटिमीटर आहे. आकडा मी गृहीत धरलेला आहे, पण कल्पना यायला पुरे. 7,000 किलो गुणिले 0.05 मीटर, म्हणजे बोटीला सरळ करणारं बळ जास्तीत जास्त 350 किलो-मीटर (किलो गुणिले मीटर, अंतराचे किलोमीटर नव्हे). तेही ती पार उभी झाल्यावर, थोड्या कलावर त्याहून कितीतरी कमी. आता 70 किलोचा एक माणूस दोन मीटर पुढं सरकला. त्याचे झाले 140 किलो-मीटर. हिशोब केला तर बोट 20 अंशांहून जास्त कलते. एक माणूस जागेवरून उठला म्हणून! आपल्या घराच्या जिन्याचा उतार साधारण 30 अंशांचा असतो.

आता यात पाणी घाला. हनलीच्या टाक्या वरून बंद नव्हत्या. टाकी आणि माणसांची खोली यांच्यामधली भिंत छतापर्यंत गेलेलीच नव्हती, वर फट होती. भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालणाऱ्याला माहीत असतं, एक कड जरा खाली गेली की सगळं पाणी तिकडंच धावतं आणि कड आणखी खाली जाते. हनलीत नेमकं हेच. नाक खाली गेलं, पुढच्या टाकीतलं पाणी भिंतीवरून खोलीत सांडलं, की ते उताराकडंच जाणार. वरच्या हिशोबात बघा: 100 लिटर पाणी मध्यापासून 5 मीटरवर जाऊन साचलं तर 500 किलो-मीटर होतात. सरळ करणारं बळ जास्तीत जास्त 350 चं. बोट सावरत नाही, नाकावर उभी राहते.

15 ऑक्टोबर 1863 ला असंच झालं असावं. त्या दिवशी कप्तानाच्या जागी खुद्द होरेस हनली होता. सरावासाठी बुडी मारली आणि बोट वर आलीच नाही. आठही जण गेले. नंतर ती काढली तेव्हा नाक चिखलात रुतलेलं, शेपूट वर. बोटीच्या बांधणीत असलेला यंत्रकार विल्यम अलेक्झांडर यानं पुढं 1902 मध्ये लिहून ठेवलं, की पुढच्या टाकीची झडप उघडीच होती आणि तिची मूठ खाली पडलेली सापडली. तळाचे लोखंडी ठोकळे सोडायचे बोल्ट अर्धवट फिरवलेले होते. म्हणजे काय करायला हवं हे त्यांना कळलं होतं, फक्त वेळ पुरला नाही.

गेममध्ये हे करून बघायचं असेल तर तयार मिळणारी टाकी वापरू नका. ती वरून बंदच येते आणि तिच्यातलं पाणी शहाण्यासारखं जागेवर बसतं. त्याऐवजी दोन्ही टोकांना अर्धी भिंत बांधा. अशी भिंत बांधली की गेम टाकी आणि खोली मिळून एकच पोकळी धरतो. बांधणाऱ्याला ती चूक वाटते आणि तो लगेच भिंत छतापर्यंत नेतो. नेऊ नका. तसंच, बोट आपोआप आडवी ठेवणारं जायरो किंवा लॉजिक लावलं असेल तर काढून टाका. मग एका टोकाला वजन टाकून बघा. पहिल्यांदा बोट उभी राहते तेव्हा हसू येतं, हे खरं आहे.

त्याआधीचा, 29 ऑगस्टचा अपघात तर याहून साधा. बोट धक्क्याजवळ, झाकणं उघडी, पुढं जायला लागलेली. सर्वसाधारणपणे सांगितली जाणारी हकीगत अशी, की लेफ्टनंट जॉन पेन याचा पाय चुकून पात्यांच्या तरफेवर पडला. नाक खाली गेलं आणि उघड्या झाकणांतून पाणी आत आलं. पेन आणि आणखी काही जण सुटले, पाच जण बुडाले. पाण्याबाहेर जेमतेम वीतभर राहणाऱ्या बोटीत झाकण उघडं ठेवून चालणं म्हणजे काय, हे कळायला गेममध्ये झाकण उघडून पूर्ण वेगानं पाती खाली करा. काही सेकंदांत खेळ आटोपतो.

आता इंजिन, म्हणजे माणसं. गेममध्ये दांड्याच्या जागी लोक लपवून छोटी मोटर बसवतात आणि बोट 15 नॉटनं पळवतात. खऱ्या हनलीचा वेग 4 नॉट सांगितला जातो, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आत. यात किती तथ्य असेल? ढोबळ हिशोब मांडू. बोटीचं पाण्याला घासणारं अंग साधारण 35 चौरस मीटर. 4 नॉटला, म्हणजे सेकंदाला दोन मीटरला, अशा गुळगुळीत बोटीला पाण्याचा विरोध 300 न्यूटनच्या आसपास येतो. वेग गुणिले विरोध, 600 वॅट. पण हे नुसतं पाणी कापायला. तेव्हाचा पंखा निम्मी ताकद वाया घालवत असेल असं धरलं, तर दांड्यावर 1,200 वॅट लागतात. धडधाकट माणूस हातांनी दांडा फिरवत तासभर टिकवू शकतो सुमारे 75 वॅट. सातांचे 525. अख्ख्या चमूची ताकद एका अश्वशक्तीलाही पुरत नाही, ती 746 वॅटची.

मग वेग निम्म्याहून खाली येईल? नाही, कारण पाण्यात लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. दुप्पट वेगाला आठपट ताकद. हेच उलट्या बाजूनं फायद्याचं: निम्म्याहून कमी ताकदीतही वेग एक चतुर्थांशानंच घटतो. 525 वॅटला हिशोब येतो 3 नॉटचा. म्हणजे 4 नॉट हा काही मिनिटांचा जोर, तासाभराची चाल नव्हे. चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी असलेल्या सुलिव्हन बेटाच्या टोकापासून नाकेबंदीचं जहाज, म्हणजे लक्ष्य, सहाएक किलोमीटरवर. शांत पाण्यात तासभर तरी जाणार, आणि परत यायचं ते वेगळंच. भरती-ओहोटीचा प्रवाह अंगावर आला तर 3 नॉटमधून उरणार काय? म्हणून ओहोटीबरोबर बाहेर पडायचं आणि भरतीबरोबर परतायचं, असाच बेत लागे. समुद्र खवळलेला असेल तर बेत रद्द.

बोट बांधणाऱ्यांनाही ताकदीची ही टंचाई कळत होती. पत्रे एकावर एक न चढवता कडेला कड लावून जोडले होते आणि रिव्हेटची डोकी कवचाच्या बरोबरीनं बसवली होती, वर एकही गाठ नाही. युद्धानंतर कितीतरी वर्षं लोक समजत होते की हनली म्हणजे जुना बॉयलर कापून केलेला जुगाड. प्रत्यक्षात ती मुद्दाम याच कामासाठी घडवलेली, निमुळती, नीट विचार केलेली बोट निघाली. गेममध्ये उताराचे ठोकळे वापरून टोकं निमुळती करायचा कंटाळा करू नका. आणि ताकदीला मर्यादा घाला. लुआ स्क्रिप्ट (गेममध्ये लिहायचा छोटा प्रोग्राम) जमत असेल तर चमूला दम लावा: पहिली पाच मिनिटं जोर, मग हळूहळू घट, विश्रांतीनं थोडी भर. एवढ्या एका बदलानं खेळ पार बदलतो. बोट चालवणारा आपोआप प्रवाह आणि वेळ बघायला लागतो.

दमणाऱ्या माणसांना हवा लागते, तिचाही हिशोब आहे. आतली मोकळी जागा धरा 5 घनमीटर, म्हणजे 5,000 लिटर हवा. त्यात ऑक्सिजन 21 टक्के. अंगमेहनत करणारा माणूस मिनिटाला साधारण एक लिटर ऑक्सिजन घेतो, आठ जणांचे आठ. आत एक मेणबत्ती पेटवलेली असे. उजेड तिचाच, आणि हवेचा अंदाजही तिचाच. ऑक्सिजन 17 टक्क्यांपर्यंत घसरला की मेणबत्ती विझायला येते. 21 मधून 17 वर यायला 200 लिटर खर्च व्हायला हवेत. 200 भागिले 8, उत्तर 25 मिनिटं.

अलेक्झांडरनं एका चाचणीची हकीगत दिली आहे. बोट तळाला टेकवून, दांडा फिरवत, किती वेळ तग धरता येतो ते बघायचं होतं. मेणबत्ती विझली ती 25 मिनिटांनी. वरच्या हिशोबातले आकडे मी गोल धरलेत, त्यामुळं उत्तर इतकं तंतोतंत जुळणं हा थोडा योगायोगच. पण अंदाज योग्य रस्त्यावर आहे. त्यानंतर ते अंधारात बसून राहिले. कुणीतरी वर चला म्हणाला तर लगेच वर जायचं, असं ठरलं होतं. एकूण 2 तास 35 मिनिटं काढली. अर्थात तेवढा वेळ त्याच जोरानं दांडा फिरवणं अशक्य होतं, तसं केलं असतं तर ऑक्सिजन पार संपला असता. बसून राहिलेल्या माणसाला एक तृतीयांशाहून कमी लागतो. बाहेरची हवा घ्यायला दोन नळ्या आणि भाता बसवलेला होता, पण त्याचा फारसा उपयोग झालेला दिसत नाही. ठरावीक वेळानं वर यायचं आणि झाकण किलकिलं करून हवा घ्यायची, हीच खरी पद्धत.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. बाहेरचा कॅमेरा बंद करा आणि कप्तानाच्या जागेवरून बुरुजाच्या छोट्या काचेतून बघा. पाण्याखाली गेलात की काहीच दिसत नाही. हाताशी होकायंत्र आणि पाऱ्याची नळी असलेला खोलीमापक, एवढंच. दिशा ठरवायला मधूनमधून वर यावंच लागतं.

शस्त्राची गोष्ट मोठी गमतीची आहे. सुरुवातीचा बेत असा, की सुरुंग लांब दोरीनं मागं ओढत न्यायचा, जहाजाच्या खालून बुडी मारून पलीकडं निघायचं, आणि मागून येणारा सुरुंग जहाजावर आपटेल. मोबीलमध्ये एका जुन्या बार्जवर हे जमूनही गेलं. चार्ल्स्टनच्या प्रवाहात मात्र सैल दोरीवरचा सुरुंग बोटीकडंच यायला लागला. गेममध्ये दोरीला वजन बांधून ओढा आणि मधेच वेग कमी करा, लगेच कळेल. शिवाय दोन अपघातांनंतर दक्षिणेचा तिथला सेनापती जनरल ब्युरेगार्ड यानं बुडी मारून हल्ला करायला मनाई केली होती. मग नाकाला पाच-सहा मीटरचा लोखंडी दांडा लावला आणि त्याच्या टोकाला 61 किलो काळ्या दारूचा सुरुंग. म्हणजे पाणबुडी म्हणून घडवलेली ही बोट हल्ल्याला निघाली ती जवळजवळ पाण्याच्या पृष्ठभागावरूनच.

17 फेब्रुवारी 1864 ची रात्र. कप्तान लेफ्टनंट जॉर्ज डिक्सन. लक्ष्य, नांगर टाकून उभी असलेली 'हाउसाटॉनिक' ही 1,240 टनांची युद्धनौका. पावणेनऊच्या सुमाराला पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला शंभरेक यार्डांवर फळकुटासारखं काहीतरी पाण्यावरून येताना दिसलं. ते इतकं जवळ आणि इतकं खाली होतं की तोफांची तोंडं तेवढी वाकेनात. बंदुका चालवल्या, नांगराची साखळी सोडली, इंजिन मागं घेतलं. तोवर सुरुंग मागच्या भागात उजव्या कुशीला लागला होता. जहाज पाच मिनिटांत बसलं. पाणी आठेक मीटरच खोल, त्यामुळं बाकीची बहुतेक माणसं डोलकाठ्यांवर चढून वाचली. पाणबुडीनं लढाईत युद्धनौका बुडवल्याची ही पहिली घटना. पुढची घडायला 1914 साल उजाडलं.

हनली परतलीच नाही. ती सापडली 1995 मध्ये आणि पाण्याबाहेर आली 8 ऑगस्ट 2000 ला. ती का बुडाली यावर अजून एकमत नाही. काही पुरावे मात्र बोटीनंच जपून ठेवले. आठही जणांचे अवशेष आपापल्या जागेवर मिळाले, झाकणाखाली गर्दी झालेली नव्हती. पंप खोलीतलं पाणी उपसायला जोडलेला नव्हता. तळाचे ठोकळे सोडायच्या तरफा हललेल्या नव्हत्या. ऑक्टोबरच्या अपघातात बोल्ट अर्धवट तरी फिरले होते, इथं कुणी हातही लावलेला नाही. नाकावरच्या दांड्याच्या टोकाला सुरुंगाच्या तांब्याच्या आवरणाचा फाटलेला तुकडा चिकटून राहिला होता, म्हणजे स्फोट झाला तेव्हा सुरुंग दांड्यावरच होता आणि बोट त्यापासून सहा मीटरच्या आत. स्फोटाची दाबलाट पत्र्यातून आत शिरून माणसांची फुप्फुसं निकामी झाली असतील, असं 2017 मधल्या एका अभ्यासात छोटं प्रतिरूप तळ्यात सोडून मांडलं गेलं. अमेरिकी नौदलाच्या इतिहास विभागाला ते पटलेलं नाही. मला स्वतःला स्फोटाचं कारण जड वाटतं, पण हवा संपत आल्यावर माणसं गुंगीत जातात आणि उठत नाहीत, हेही त्या अवशेषांशी जुळतं.

गेम इथं फारशी मदत करत नाही. बहुतेक गेममध्ये स्फोट म्हणजे एक अदृश्य गोल: त्याच्या आतले ठोकळे तुटतात, बाहेरचे शाबूत. पाणी हवेसारखं दबत नाही, म्हणून पाण्यातली लाट दूरवर जोर टिकवून जाते आणि पत्रा न फोडताही पलीकडच्या हवेला धक्का देते, हा प्रकार त्यात नसतो. तेव्हा सहा मीटरवर सुरुंग उडवून 'माझी बोट वाचली' असं म्हणण्यात अर्थ नाही.

बांधायला बसणाऱ्यांसाठी शेवटी एवढंच. इंटरनेटवरची बरीच चित्रं बोट बाहेर काढण्याच्या आधीची, अलेक्झांडरच्या आठवणीवर बेतलेली आहेत. त्यांत चमू नऊ जणांचा दाखवतात, तो आठांचा करा. सुरुंगाचा दांडा नाकाच्या वरच्या भागातून निघालेला दाखवतात, तो तळाच्या बाजूला न्या. बोट डबड्यासारखी चौकोनी, बोथट दाखवतात, ती दोन्ही टोकांना निमुळती करा. आणि अर्ध्या भिंतीच्या टाक्या तशाच राहू द्या, कितीही वेळा बुडाली तरी.